उतारावर उभ्या बायका

रबीहाला सल्त गावात रबीहा म्हणून कुणी हाक मारत नसे. पहिला मुलगा झाला त्या दिवसापासून ती उम्म सुहैब, सुहैबची आई, आणि तिचा नवरा अव्वाद हा अबू सुहैब. भाजीची गाडी आली की भाजीवाला खालून ओरडायचा, "उम्म सुहैब, भेंडी कोवळी आहे." शेजारणी भिंतीपलीकडून तसंच बोलवायच्या. पोराचं नाव दिवसभर त्या घराभोवती फिरत असायचं, आणि त्यात काही विशेष आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं.

घर होतं उतारावर. वरच्या मोठ्या रस्त्यापासून खालच्या चौकापर्यंत ती गल्ली वरच्या टोकाला एक वळण घेऊन खाली यायची. दोन्ही बाजूंना पिवळ्या दगडाची घरं, मध्यावर शाळा, तिच्या समोर थोडं तिरकं रबीहाचं दार. वरचा सिग्नल चुकवायला गाड्या या गल्लीत घुसत, आणि एकदा घुसल्या की उतारच त्यांना पळवायचा. लोक शिव्या द्यायचे. समोरच्या घरातली, हज करून आलेली म्हातारी हज्जा नायफा तर गॅलरीत पाण्याची नळी घेऊन बसायची आणि जोरात येणाऱ्या गाडीच्या काचेवर पाणी मारायची. पोरं तिला आणखी चिथवायची. सगळ्या गल्लीची ती करमणूक होती.

मग ऑगस्टात बारावीचा निकाल लागला.

निकालाच्या दिवशी सल्तमध्ये जे होतं तेच झालं. दुपारपासून गाड्यांच्या रांगा, दाबून धरलेले हॉर्न, खिडक्यांतून कमरेपर्यंत बाहेर आलेली मुलं, गच्च्यांवरून बायकांच्या आनंदाच्या किलकाऱ्या. रबीहा स्वयंपाकघरात कोवळे भोपळे कोरून त्यात भात भरत होती. सुहैब दोनदा बाहेर जाऊ का म्हणून विचारून गेला. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "दारातूनच बघ. पायरी उतरायची नाही." आणि खरंच तो बराच वेळ पायरीवर उभा होता. नायफाने तसं नंतर शपथेवर सांगितलं.

गल्लीच्या अगदी वर राहणाऱ्या इंतिसारचा धाकटा मुलगा, अनस, चांगल्या मार्कांनी पास झाला होता. बाप नसलेलं घर, त्यामुळे सगळ्यांनाच कौतुक. त्याचा मोठा भाऊ राकान फरशी बसवायचं काम करायचा. त्याने मालकाची पिकअप मागून आणली, भावाला मागे उभं केलं, आणि अनस मुठी भरभरून चॉकलेटं उधळत निघाला. पोरं गोळा करायला धावली. राकानने वरून गाडी तशीच खाली सोडली. भाऊ मागे ओरडत होता, हसत होता, त्याला आणखी हसू यावं म्हणून.

रबीहाला आवाज ऐकू आला नाही. तिला ऐकू आलं ते हॉर्न थांबणं. आधी एक थांबला, मग त्याच्या मागचा, मग आणखी मागचा, असे वरपर्यंत. ती भाताचे हात तसेच घेऊन बाहेर आली.

सुहैब नऊ वर्षांचा होता. त्याला त्याच संध्याकाळी पुरलं.

*

वाडवडिलांपासून चालत आलेल्या रीतीप्रमाणे इंतिसारच्या दिरांनी गावातले वजनदार लोक गोळा केले आणि ते सगळे माफी मागायला रबीहाच्या घरी आले. आधी सूड घेणार नाही अशी तात्पुरती मुदत मागून गेले होते. महिन्याभराने कायमचा समेट मागायला आले. बैठकीत गाद्या टाकल्या होत्या. त्यांच्यापुढे कडू कॉफीचे छोटे पेले ठेवले गेले. मागणं मान्य झाल्याशिवाय पाहुणा पेल्याला हात लावत नाही. एक पांढऱ्या दाढीचे शेख पुष्कळ वेळ बोलले. देवाची इच्छा, शेजारधर्म, विधवेचं घर, तुरुंगात बसलेलं पोर.

रबीहा नात्यातल्या बायकांबरोबर स्वयंपाकघरात होती. दार लोटलेलं होतं. तिला शब्द नीट कळत नव्हते. तिचं सगळं लक्ष पेल्यांकडे लागलं होतं. कुणीही ते उचलत नव्हतं, तेवढा वेळ तिला बरं वाटत होतं. कॉफी गार होऊ दे, म्हणत होती मनात. बर्फ होऊ दे तिचा.

मग अव्वादचा आवाज आला, बारीक पण स्वच्छ. "कॉफी घ्या. देवासाठी आणि तुम्हा आलेल्या माणसांसाठी माफ केलं. आम्हाला भरपाई नको."

पेल्यांचा आवाज झाला. बायकांनी "देव मोठा" म्हणत रबीहाच्या पाठीवरून हात फिरवले. तिच्या नणंदेने तर तिचं अभिनंदन केल्यासारखा हात दाबला. रबीहाने हात सोडवून घेतला आणि भांडी घासायला लागली. स्वच्छ होती ती भांडी.

त्यानंतर ती नवऱ्याशी कामापुरतंही बोलेना. एकदा पाणी यायचा दिवस होता, तेव्हा कुठे बोलणं झालं. अव्वाद गच्चीवर टाकीत पाणी पडतंय की नाही ते बघत होता, ती कपडे वाळत घालत होती. त्याने टाकीचं झाकण लावलं आणि तिथेच टाकीला टेकून बसला.

"तू बोलत नाहीस. का ते मला माहीत आहे," तो म्हणाला.

तिने चादर झटकली.

"मी रोज अम्मानहून गाडी आणतो. वाटेत एक गाव लागतं. तिथेही शाळा आहे रस्त्याला लागून. हळू जा म्हणून पाटी आहे, मी वाचलीय ती. पण ब्रेकवर पाय कधी ठेवला नाही. मागची गाडी पुढे जाईल आणि माझे प्रवासी उचलेल म्हणून." त्याने ओले हात पँटला पुसले. "त्या गावातलं पोर अजून माझ्या गाडीपुढे आलं नाही. राकानमध्ये आणि माझ्यात एवढाच फरक. शेख बोलत होते आणि माझ्या डोक्यात तेच फिरत होतं. कुठल्या तोंडाने नाही म्हणू?"

"मला विचारायचं होतंस."

"तू हो म्हणाली असतीस?"

"नाही."

"म्हणूनच नाही विचारलं."

तिने उरलेले कपडे वाळत घातले आणि बादली घेऊन खाली गेली. पण त्या रात्री तिने त्याला जेवायला हाक मारली. चार घास दोघांनीही कसेबसे खाल्ले.

*

शाळा सुरू झाली. धाकटी मुलगी जूद पहिलीत गेली. रबीहा तिला सोडायला जायची, आणायला जायची, आणि मधल्या वेळातही कधी कधी दारात येऊन उभी राहायची. गाड्या पूर्वीसारख्याच येत होत्या. काही दिवस गेले असतील नसतील, तोवर लोकांनी हळू जाणं सोडून दिलं होतं. त्या दिवशी जिथे सगळी गल्ली गोळा झाली होती, त्याच जागेवरून टॅक्सी, पिकअप, गॅसची सिलिंडरं वाहणारी गाडी आपली धून वाजवत सुसाट खाली जात होती.

गल्लीतल्या बायका तिच्याशी जपून वागत. त्यांनी एकमेकींत ठरवलं असावं, कारण हळूहळू त्या तिला "उम्म जूद" म्हणायला लागल्या. पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं नाही. मग एकदा हज्जा नायफाने समोरून तशी हाक मारली तेव्हा ती रस्ता ओलांडून तिच्या दाराशी गेली.

"हज्जा, माझं नाव का बदललंत?"

नायफाने तिचा हात धरला. मग म्हणाली, "तुला लागू नये म्हणून गं."

"त्याचं नाव घेणारं आता तेवढंच आहे. ते पण काढून घेऊ नका."

म्हातारीने तिला आत ओढलं आणि दोघी कितीतरी वेळ रडल्या. आणि बहुधा त्याच दिवशी, डोळे पुसता पुसता, नायफा म्हणाली की रडून गाड्या थांबत नाहीत, उद्या आपण नगरपालिकेत जाऊ.

गेल्या. साहेब तरुण होता, इंजिनिअर, सभ्य. त्याने चहा मागवला. गतिरोधकांच्या मागण्या पुष्कळ आहेत, समिती आहे, क्रम लागतो, असं तो समजावत होता. मग त्याने विचारलं, "त्या ठिकाणी अपघात किती झालेत?"

"एक," रबीहा म्हणाली.

तो ओशाळला. पण खरं तेच बोलला, की ज्या रस्त्यांवर जास्त झालेत ते आधी येतात.

नायफाने चहाचा ग्लास खाली ठेवला. "किती झाले की नंबर लागतो, पोरा? आकडा सांगून ठेव. म्हणजे आम्ही घरी बसून वाट बघतो."

बायका उठल्या.

आधी गल्लीतल्या कुणीतरी जहाजाला बांधतात तसला जाड दोर आणून रस्त्यावर आडवा ठोकला. आठवडाभरात त्याचे धागे धागे झाले. मग पुरुषांनी ठरवलं की आपणच सिमेंटचा स्पीडब्रेकर घालायचा. सल्तमध्ये अर्ध्या गल्ल्यांतले असेच झालेत, कोण विचारतंय?

शरदातले, जैतुनाची फळं झाडावरून उतरवायचे दिवस होते. शुक्रवारची नमाज आटोपून सगळे जमले. कुणी वाळू आणली, कुणी सिमेंटची पोती. वर आणि खाली दोन गाड्या आडव्या लावून रस्ता बंद केला. पण कामाला लागल्यावर कळलं की जमलेल्यांत शिक्षक होते, शिंपी होता, दोघे सरकारी कारकून होते, अव्वाद ड्रायव्हर होता. माल कालवायचा अंदाज एकालाही नव्हता. एकदा पातळ झाला, एकदा फुटाण्यासारखा कोरडा.

तेव्हा राकान वरून चालत खाली आला. समेट झाल्याने तो लवकर सुटला होता, पण सुटल्यापासून त्याला कुणी पाहिलं नव्हतं. केस बारीक कापलेले, हातात थापी आणि पाण्याची बादली. त्याने कुणाकडे बघितलं नाही. मालाजवळ बसला आणि हाताने चाचपून बघायला लागला.

रबीहाचा भाऊ पुढे झाला आणि म्हणाला, "ऊठ. इथे हात लावायचा नाही तू."

राकान उठला नाही. भावाने त्याची कॉलर धरली. अव्वाद मध्ये पडला. वरच्या घराच्या खिडकीत इंतिसार उभी असावी असं रबीहाला वाटलं. पडदा हलला होता.

रबीहा दारात होती. पायरी उतरून ती रस्त्यावर आली, तसे लोक बाजूला झाले. त्या दिवसानंतर राकानला ती पहिल्यांदाच एवढ्या जवळून बघत होती. मिशीही नीट फुटली नव्हती त्याला. तिला वाटलं होतं, समोर आला तर आपण ओरबाडून काढू. हात उचलला गेला नाही.

"करू दे त्याला," ती भावाला म्हणाली. "बाकीच्यांना येत नाहीये."

राकान खालीच बघत होता. "किती उंच करू, मावशी?"

हा प्रश्न त्याने तिला का विचारला कोण जाणे. तिने रस्त्याकडे बघितलं. वरून येणारा उतार, शाळेचं फाटक, आपली पायरी.

"उंच कर," ती म्हणाली. "बघूनच धडकी भरली पाहिजे."

त्याने तसा केला. उन्हं कलेपर्यंत तो गुडघ्यांवर बसून होता. पाणी घ्या, चहा घ्या असं त्याला कुणी म्हटलं नाही. काम संपल्यावर त्याने थापी धुतली आणि आला तसा वर निघून गेला.

*

स्पीडब्रेकर कामाला आला. गाड्या तिथे येऊन जवळजवळ थांबत, पुढची चाकं चढत, धप्प, मग मागची, धप्प. दिवसभर रबीहाच्या खिडकीखाली तो आवाज. जूदला तो आवडायचा. रबीहाही सुरुवातीला कान देऊन ऐकायची, आणि प्रत्येक गाडी हळू झाली की तिला हायसं वाटायचं. मग लगेच दुसरा विचार यायचाच, की एवढंसं करायचं होतं. एक शुक्रवार, चार पोती. ऑगस्टाच्या आधी कुठलाही शुक्रवार चालला असता. हज्जाच्या नळीवर हसत बसलो आपण.

अव्वाद आता गाडी हळू चालवायचा. त्या वाटेतल्या गावात तर पायी चालल्यासारखी. प्रवासी वैतागायचे, दुसऱ्या गाड्यांत जायचे. स्टँडवरचे बाकीचे ड्रायव्हर त्याची गाडी लागली की म्हणायचे, "चला, जनाजा निघाला." मग त्यांना आठवायचं आणि ते जीभ चावायचे. अव्वादने हे घरी हसत सांगितलं होतं. हसता हसता तो तोंड धुवायला उठून गेला.

थंडी सुरू झाली. एका संध्याकाळी पावसात जेवणाचे डबे पोचवणारा एक मुलगा मोटारसायकलवरून उतारावर आला. त्या ओल्या करड्या रस्त्यावर करड्या सिमेंटचा उंचवटा त्याला दिसलाच नाही. रंग लावायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, पाटी तर दूरच. रबीहाने धाडकन आवाज ऐकला आणि ती चपला न घालता बाहेर धावली. मुलगा रस्त्यावर आडवा पडला होता, खांदा भलतीकडे वळलेला, चाक अजून फिरत होतं. तिने खाली बसून त्याचं डोकं मांडीवर घेतलं. हेल्मेट होतं म्हणून वाचला. पाऊस त्याच्या तोंडावर पडत होता, तो कण्हत होता आणि शिव्या देत होता. त्या शिव्या ऐकून तिच्या जिवात जीव आला.

"कुठल्या गाढवाने बांधलाय हा?" तो म्हणाला.

"मी," रबीहा म्हणाली. "हलू नकोस, बाळा. माझ्यामुळे झालं. हलू नकोस."

अँब्युलन्स येईपर्यंत ती तशीच बसून राहिली. त्याचं हाड मोडलं होतं, महिनोन्‌महिने काम बंद झालं. अव्वाद त्याला भेटून आला. रबीहाला जाण्याचं धैर्य झालं नाही. तिने त्याच्या आईकडे जेवण करून पाठवलं. भांडी धुऊन परत आली, निरोप काही आला नाही.

पुढच्याच आठवड्यात नगरपालिकेची माणसं यंत्र घेऊन आली. विनापरवाना, धोकादायक, काढायचा हुकूम आहे. हज्जा नायफाने आपली प्लॅस्टिकची खुर्ची स्पीडब्रेकरच्या मधोमध ठेवली आणि ऐसपैस बसली. "फोडा," म्हणाली, "माझ्यापासून सुरुवात करा. मी तर कधीचीच विनापरवाना जगतेय." कामगार हसायला लागले. मग त्यांतल्या चौघांनी "हज्जा, माफ करा" म्हणत तिला खुर्चीसकट उचललं आणि अदबीने तिच्या दाराशी नेऊन ठेवलं. तिथून ती त्यांच्या मुकादमाला त्याच्या खापरपणजोबापर्यंत उद्धारत राहिली.

बायका रबीहाकडे बघत होत्या. ती बोलेल, आडवी पडेल. ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. त्या मोटारसायकलवाल्याचं डोकं तिने मांडीवर घेतलं होतं, ते वजन अजून गेलं नव्हतं. पण यंत्राचा पहिला घाव बसला तसं तिला वाटलं की मुलाला पुन्हा एकदा घेऊन चाललेत, आणि ती आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली.

*

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी ती रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. काही ठरवून नाही. वरून टॅक्सी आली तेव्हा तिने हात वर केला. टॅक्सी करकचून थांबली. तिच्या मागून पोरं रस्ता ओलांडून गेली.

तिसऱ्या दिवशी नायफा काठी टेकत आली. मग शिंप्याची बायको, मग शेजारच्या आळीतल्या दोघी. रोज सकाळी आणि दुपारी त्या उतारावर उभ्या राहायच्या, पावसात छत्र्या घेऊन, गारठ्यात नवऱ्यांचे कोट घालून. ड्रायव्हर कधी सलाम करायचे, कधी टोमणे मारायचे. एकाने काच खाली करून विचारलं, "बायांनो, घरी स्वयंपाक नाही वाटतं?"

"झालाय," नायफा म्हणाली. "तुझी आईपण वाट बघतेय ताट वाढून. हळू जा, म्हणजे पोचशील."

पण बायका कमी पडत होत्या. सगळ्यात अवघड होतं वरचं वळण. तिथून गाडी आधी दिसते. तिथे कुणी उभं राहिलं तर खालच्यांना सावध करता येतं. तिथे उभं राहायला यांतल्या एकीचंही घर जवळ नव्हतं. एकच घर होतं.

फेब्रुवारीत एका सकाळी जूदला शाळेत सोडून रबीहा तो चढ चढून गेली. स्वतःला ती सांगत होती की राकानशी काम आहे. रीतसर, बेताच्या उंचीचा, रंग लावलेला स्पीडब्रेकर कसा करायचा ते त्याला विचारू, तसं नगरपालिकेला सांगू. दार इंतिसारने उघडलं. ती म्हातारी झाली होती. पूर्वी दोघी एकत्र बसून द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या करायच्या, इंतिसारचे हात असे चालायचे की बाकीच्या बायका नुसत्या बघत राहायच्या. आता तेच हात दाराची कडी घट्ट धरून होते.

"ये, उम्म सुहैब," ती म्हणाली. नाव तिने पूर्ण उच्चारलं.

राकान घरी नव्हता. अकाबाला गेला होता, बंदरावर कामाला. सिमेंट फोडलं त्या दिवशी कुणीतरी त्याला फोनवर फोटो पाठवला. दोन दिवस जेवला नाही, मग कपडे भरले आणि निघून गेला. गाडी चालवत नाही आता. मागे बसायलाही घाबरतो. एवढं इंतिसारने सांगितलं. दोघींच्या मध्ये रॉकेलची शेगडी जळत होती.

"दार उघडलं तेव्हा वाटलं, शिव्या द्यायला आलीस," ती म्हणाली. "मला बरंच वाटलं असतं. इतके महिने वाट बघतेय."

"शिव्या संपल्या."

"माझा जिवंत आहे, हे मला तोंडाने म्हणता येत नाही, उम्म सुहैब. त्याचा फोन आला की मी आतल्या खोलीत जाऊन दार लावते. त्याचा आवाज ऐकून आनंद होतो, तो कुणाला दिसू नये म्हणून."

रबीहाने शेगडीची वात कमी केली. मग ती म्हणाली, "मी त्याला माफ केलेलं नाही. कॉफी पुरुषांनी प्यायली. मला ते जमलं नाही, आणि जमेल असंही तुला खोटं सांगणार नाही."

"मग आलीस कशाला?"

"वरच्या वळणावर कुणी नाही. तुझ्या दारातून गाडी आधी दिसते."

इंतिसारने दाराकडे बघितलं. रबीहा उठली. चहा झाला नव्हता, तिने मागितलाही नाही.

सोमवारी इंतिसार वळणावर उभी होती. काळा कोट, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल. गाडी दिसली की ती खाली बघून हात हलवायची आणि रबीहा पुढे व्हायची. एवढाच दोघींचा संबंध. बाकीच्या बायकांनी नाकं मुरडली. रबीहाच्या नणंदेने तर येणंच बंद केलं. नायफा म्हणाली, "बाई आहे, खांब नाही. उभी राहते तर राहू दे." बोलणं तिथेच थांबलं.

वसंतात नगरपालिकेचा क्रम लागला. रुंद, बेताचा स्पीडब्रेकर झाला, पिवळे पट्टे मारले, वर पाटी लावली. तोच तरुण इंजिनिअर पाहणी करायला आला होता. त्याने रबीहाला ओळखलं आणि मान खाली घालून माप घेत राहिला. गाड्या आता हळू होत, पण सगळ्याच नाही, आणि बायकांनी उभं राहणं सोडलं नाही. राकान रमजानच्या ईदला आला नाही. बकरी ईदलाही आला नाही.

शाळेला सुट्टी लागायच्या आधीच्या एका दुपारी पोरं फाटकातून बाहेर पडली. रबीहा खाली चौकाकडून येणाऱ्या एका पिकअपकडे बघत होती. वळून बघते तर जूद नेहमीच्या जागी नव्हती. ती वरच्या बाजूने, वळणाजवळ रस्ता ओलांडायला उभी होती, आणि तिने इंतिसारचा हात धरला होता. जूदला सगळं माहीत होतं. कुणाच्या मुलाची गाडी होती तेही माहीत होतं. तरी तिने तिथे जवळ जो हात होता तो धरला होता.

इंतिसारने हात सोडवून घेतला नाही, आणि आवळलाही नाही. तिने नुसतं खाली रबीहाकडे बघितलं.

रबीहाचा पाय पुढे पडला. तेवढ्यात खालून ती पिकअप आली. रबीहा गाडीकडे वळली आणि तिने हात वर केला. गाडी थांबली. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. ती तशीच उभी राहिली, मागे न बघता, दोघी पलीकडे पोचेपर्यंत.